मुंबईत कोल्ड फ्रंट येतो का?

नेहा_ठाणे: मुलीचा भूगोल घेतेय. वायुराशी, शीत आघाडी (कोल्ड फ्रंट), उष्ण आघाडी सगळं पाठ झालंय तिचं, पण आता विचारतेय की जानेवारीत एका रात्रीत गारठा पडतो, पंखा बंद करावा लागतो, तो कोल्ड फ्रंटच ना? मग ढग, पाऊस का नाही? काय सांगू तिला?

हवापाणी_दादर: मुलीने फार चांगला प्रश्न विचारलाय ताई. दोन वेगळ्या वायुराशी, म्हणजे साधारण एकसारख्या तापमान-ओलाव्याचे हवेचे मोठे साठे, भिडतात ती सीमा म्हणजे आघाडी, थंड हवा जड असते, ती खालून घुसते आणि गरम दमट हवेला वर ढकलते, वर गेलेली हवा थंडावून ढग आणि पाऊस. पण हे मॉडेल पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतल्या बर्गनला हवामानशास्त्रज्ञ ब्यर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, ते तिकडच्या हवेचं. आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर, इथे शेजारच्या हवेत तापमानाचा तेवढा फरकच नसतो. आपल्याकडे होतं असं की हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे कमी दाबाचा फिरता पट्टा, येतो, काश्मीर-हिमाचलला बर्फ टाकतो आणि पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेची थंड कोरडी हवा राजस्थान-गुजरातवरून खाली उतरते. म्हणजे पाऊस-बर्फ तिकडेच संपतो, आपल्याला मागची हवा मिळते. ती कोरडी, वर ढग नाहीत, त्यामुळे रात्री जमिनीची उष्णता भराभर निघून जाते. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश नोंदलंय!

भटक्या_वसई: २०२२ चा जानेवारी आठवतोय का? पाकिस्तानकडून धूळ आली होती, गाड्यांवर पांढरट थर आणि समोरच्या बिल्डिंगा धूसर. तेही वेस्टर्न डिस्टर्बन्सच्या मागचेच वारे.

नेहा_ठाणे: अच्छा! मग मुंबईत आघाडी बघायलाच मिळत नाही का?

हवापाणी_दादर: छोटी मिळते की, तीही जवळजवळ रोज. खारे वारे. दुपारी समुद्रावरची गार दमट हवा जमिनीवरच्या तापलेल्या हवेत शिरते, त्या सीमेला सी ब्रीझ फ्रंट म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेचे वारे जोरात असले की हे खारे वारे उशिरा येतात आणि तोवर सांताक्रूझ भाजून निघतं, कुलाबा तीन बाजूंनी समुद्रात म्हणून बरंच सुटतं. नुसतं तापमान बघू नका, तिला वाऱ्याची दिशा आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं; हवा जितकी दमट तितका तो वर) बघायला सांगा. वारा पूर्वेचा पश्चिमेला फिरला आणि दवबिंदू झपकन वर चढला की समजायचं समुद्राची हवा आली, आणि जानेवारीत वारा उत्तरेचा होऊन दवबिंदू घसरला की गारठा येतोय. हवामान खात्याच्या साइटवर कुलाबा आणि सांताक्रूझ दोन्हींचे आकडे असतात, आठवडाभर वहीत लिहू दे तिला.