‘वसुलीचा सर्व खर्च’: यात नेमके काय काय येते?

मसुदेकार: एका गृहकर्जाच्या करारनाम्याचे मराठी करताना अडलो आहे. गहाण मालमत्तेवर कारवाई करावी लागल्यास कॉस्ट्स, चार्जेस आणि एक्सपेन्सेस ऋणकोने द्यावेत, असे तीन शब्द मूळ इंग्रजीत आहेत. न्यायालयात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याची मुभा बँकांना देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यातील कलम १३(७) मध्येही हेच तीन शब्द येतात. आधीच्या मराठी मसुद्यात मात्र ‘वसुलीचा सर्व खर्च ऋणकोने सोसावा’ एवढ्यावर भागवले आहे. मी ‘खर्च, आकार व व्यय’ असे सुचवले, तर सोबतच्या वकिलांनी ते हसण्यावारी नेले. तीन शब्दांची खरोखर गरज नाही काय?

मोडीवाचक: ‘आकार’ वीजबिलावरच शोभतो. ‘व्यय’ हा तर आपल्याकडे ‘वेच’ होऊन ‘खर्चवेच’ या जोडशब्दात केव्हाच येऊन बसला आहे. फारसी ‘खर्च’ आणि संस्कृतोद्भव ‘वेच’ शेजारी नांदत असताना कोशातून वेगळा ‘व्यय’ काढून आणण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

दरखास्तवाला: शब्द तीन की एक, यापेक्षा गंभीर गोष्ट आपल्या मसुद्यातून गळाली आहे. त्याच कलमात हा खर्च ‘योग्य रीतीने केलेला’ असावा अशी अट आहे. ‘सर्व खर्च’ असे लिहिताच ती अट नाहीशी होते आणि वाचणाऱ्या ऋणकोला वाटते की बँक जो आकडा लिहील तो निमूटपणे मान्य करावा लागेल. विक्रीच्या रकमेतून आधी हा खर्च वळता होतो, मग येणे रक्कम, आणि काही उरलेच तर ते हक्कदाराला मिळते. म्हणजे खर्च फुगला की तेवढे कर्ज कमी फिटते.

मसुदेकार: ही अट मी घालतोच. पण मग तीन शब्दांचे काय?

दरखास्तवाला: भेद खरा आहे, फक्त तो ‘आकार’ आणि ‘व्यय’ यांनी कळणार नाही. ‘दाव्याचा खर्च’ न्यायालय ठरवते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ प्रमाणे तो सामान्यतः हरणाऱ्यावर पडतो आणि न्यायाधीशाने तसे न केल्यास कारणे लिहावी लागतात. गहाणाच्या दाव्यात त्याच संहितेचा आदेश ३४ लागू होतो. तेथे गहाण घेणाऱ्याचा खर्च गहाणरकमेत मिळवतात, मात्र त्याचे वर्तनच वावगे असेल तर दाव्याचा खर्च नाकारता येतो. मालमत्ता जपण्यासाठी केलेला खर्च तिसराच. तो मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ७२ खाली मुद्दलात मिळवता येतो. म्हणून ‘दाव्याचा, वसुलीचा व मालमत्ता जपण्याचा योग्य खर्च’ असे उलगडून लिहावे.

गोदाकाठ: आमच्या चुलत्यांच्या घराचा लिलाव झाल्यावर हातात आलेल्या हिशेबात ‘इतर खर्च’ अशी एकच ओळ होती. वकीलफी, वर्तमानपत्रातील जाहिरात आणि पहारेकऱ्याचा पगार तिच्यात एकत्र कोंबला होता, आणि तपशील मागितल्यावर ‘नियमाप्रमाणे’ एवढेच उत्तर आले. त्यामुळे उलगडून लिहिण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आणखी एक: बँकेने घेतलेला ताबा बेकायदा ठरून कर्जवसुली न्यायाधिकरणाने तो परत करायला लावला, तर सरफेसी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे भरपाई आणि खर्च ऋणकोला मिळतो. मराठी करारनाम्यांत ही उलटी बाजू कधी वाचलेली आठवत नाही.

मोडीवाचक: ती करारात यायची गरज नाही, कायद्यात आहेच. माझा आक्षेप ‘ऋणको’ला आहे. अंकगणिताच्या पुस्तकाबाहेर हा शब्द कोण बोलते? ‘कर्जदार’ लिहा.

मसुदेकार: कर्ज एकाने घ्यावे आणि घर दुसऱ्याने गहाण टाकावे असेही होते. तेव्हा ‘कर्जदार’ही अपुराच पडेल.

मोडीवाचक: मग ‘गहाण लिहून देणार’ हा दस्तांतला जुना प्रयोग आहे की! त्यात कोणाला काय कमी पडते, ते सांगा.

गोदाकाठ: ‘सोसावा’बद्दलही बोला. पैसे भरायचे असतात. सोसायचे असते ते दुःख.

दरखास्तवाला: निकालपत्रांत ‘ज्याचा खर्च त्याने सोसावा’ हेच रूढ आहे. ‘वहन करावा’ मात्र कृपया नको, ती हिंदीची उसनवारी आहे.