वळिवड्याहून मायदेशी परतलेल्या पोलिश कुटुंबांना पुढे कसले दिवस दिसले?

निपाणीकर:
माझी आजी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पंचक्रोशीतली. सोव्हिएत सत्तेने 1940-41मध्ये पूर्व पोलंडमधून सायबेरियात आणि कझाकस्तानात हाकललेल्या लोकांपैकी सुमारे 5,000 जण, त्यांत बहुतांश बायका आणि मुले, 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत राहत होते, आणि आजी त्यांच्या गोष्टी सांगत असे. छावणी उठल्यावर पुष्कळजण इंग्लंडला गेले, काही मात्र पोलंडला परतले. परतलेल्यांना साम्यवादी राजवटीत रोजचे जगणे कसे गेले असेल, असा प्रश्न मला पडला आहे. वडिलांशी यावर वाद झाला. ते म्हणतात, "न्यायबेले अंगडीसमोर, म्हणजे रेशनच्या दुकानासमोर, साखरेसाठी आणि रॉकेलसाठी आम्हीही तासन्‌तास ताटकळलो, मग वेगळे काय?"

सेवानिवृत्त मास्तर, बेळगाव:
आपल्या वडिलांच्या प्रश्नातच उत्तराचे अर्धे सूत्र आहे, कारण रांग दोन्हीकडे होती. रांगेच्या बाहेर काय होते, यात फरक होता. आपल्याकडे 1967पासून साखर दुहेरी भावाने विकली जाऊ लागली: कारखान्याकडून लेव्हीने, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावाने सक्तीने, घेतलेली साखर रेशनवर स्वस्त, आणि उरलेली खुल्या बाजारात महाग. रेशन संपले आणि खिशात चार पैसे असले की माणूस वाण्याकडे जात असे. पोलंडमध्ये पगार मिळत होता, किंमतही परवडण्याजोगी होती, पण माल नव्हता. 1970च्या दशकाच्या पूर्वार्धात सरकारने पाश्चात्त्य देशांकडून कर्ज काढून पगार झपाट्याने वाढवले आणि मांसाचे भाव मात्र दडपून ठेवले. मागणी वाढली, पुरवठा वाढला नाही, शिवाय कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी मांस निर्यात करणे भाग पडले. भाव वाढवायचा प्रयत्न केला की कामगार रस्त्यावर येत. डिसेंबर 1970मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या शहरांत गोळीबारात चाळीसहून अधिक माणसे मेली, तर जून 1976मध्ये भाववाढ जाहीर केल्यानंतर लगेचच मागे घ्यावी लागली. मग किमतीऐवजी कूपन आले: ऑगस्ट 1976मध्ये साखरेचे, आणि 1 एप्रिल 1981पासून मांसाचे. सर्वसाधारण नोकरदाराला महिन्याला अडीच किलो मांसाचा कोटा होता, खाणकामगाराला त्याहून अधिक. कूपन म्हणजे माल मिळण्याची हमी नव्हे, केवळ रांगेत उभे राहण्याचा परवाना, हे आपल्या रेशनकार्डवाल्यांना सहज कळेल.

शेतकऱ्यांना हे वाचून नवल वाटेल की पोलंडमधली बहुतेक जमीन 1956नंतरही खाजगीच राहिली. तरीही ट्रॅक्टर, खत आणि सुटे भाग वाटताना सरकारी शेतांना झुकते माप मिळे, आणि खरेदीचा भाव सरकारच ठरवी.

चिकोडीचा वाचक:
मास्तरांनी मांडलेले चित्र थोडे एकेरी आहे. 1976पासून तिथेही सरकारी 'व्यापारी दुकाने' निघाली होती, जिथे चांगले मांस चढ्या भावाने मिळे. म्हणजे दुहेरी भाव त्यांनाही सुचला होता. शिवाय पेव्हेक्स नावाच्या दुकानांत डॉलर मोजून परदेशी माल घेता येत असे, आणि ज्यांचे नातेवाईक बाहेर होते त्यांचे बरे चालायचे. वळिवड्याहून परतलेल्यांची भावंडे इंग्लंडमध्ये असतील तर तिथून येणाऱ्या पार्सलला किती किंमत असेल, याची कल्पना करा. बेकारी नव्हती, भाडेही नाममात्र होते, मात्र सहकारी फ्लॅटसाठी पंधरा-वीस वर्षे थांबावे लागे, हेही तितकेच खरे.

खानापूरची वाचक:
मी यात बायकांची बाजू जोडते. नोकरी करून आलेली बाईच बहुधा रांगेत उभी राहायची. फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा फर्निचरसारख्या वस्तूंसाठी लोकच रांगेची समिती नेमत, वहीत नावांची यादी करत, आणि रात्री हजेरी घेत. हजेरीला चुकला की नाव कटले. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी उभे राहणारे पेन्शनर तर जणू एका व्यवसायाचेच लोक होते, त्यांना 'स्टाच' म्हणत. टॉयलेट पेपरचे रोल दोरीत ओवून गळ्यात घालून घरी निघालेली माणसे हे त्या काळाचे नेहमीचे दृश्य. आमच्या आईने रॉकेलच्या डब्यांची रांग लावून स्वतः घरी जाऊन चुलीवरचे काम उरकलेले मी पाहिले आहे. त्या बायकांना मात्र तसे करता येत नव्हते, कारण डबा हजेरी देत नाही.

निपाणीकर:
वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी मान्य केले, पण लगेच विचारले की कूपन बंद झाल्यावर तरी लोक सुटले का?

सेवानिवृत्त मास्तर, बेळगाव:
मांसाची कूपने 1 ऑगस्ट 1989ला बंद झाली आणि खाद्यपदार्थांचे भाव मोकळे सोडले गेले. 1990च्या जानेवारीत नव्या सरकारने बहुतेक किमती एकदम मुक्त केल्या. काही आठवड्यांत दुकाने भरली, रांगा आटल्या, पण त्या वर्षी महागाई पाचशे टक्क्यांच्या वर गेली आणि पगार मागे पडले. पोलंडमध्ये तोवर बेकारी हा शब्द कागदोपत्री जवळजवळ नव्हता. त्या वर्षाअखेरीस दहा लाखांहून अधिक माणसांची नोंद बेकार म्हणून झाली.