पायथनने टॉमकॅटच्या एक्सएमएल फायली बदलताना कॉमेंट उडतात

नवा_गडी:
नमस्कार मंडळी. आमच्या बऱ्याच सर्व्हरवर टॉमकॅट ९ (जावाचा वेब सर्व्हर) आहे. 'सर्व्हर डॉट एक्सएमएल'मधला ८०८० पोर्ट आणि 'वेब डॉट एक्सएमएल'मधला ३० मिनिटांचा सेशन-टाइमआउट स्क्रिप्टने बदलायचाय. पायथनचं एलिमेंटट्री (एक्सएमएल वाचायची-लिहायची लायब्ररी) वापरतोय. पोर्ट बदलतो, पण सगळ्या कॉमेंट गायब होतात. दुसऱ्या फाइलीत सेशन-टाइमआउट सापडतच नाही, 'नन' मिळतं. आणि ती फाइल नुसती वाचून परत लिहिली तरी प्रत्येक टॅगमागे 'एनएस०' चिकटतं. सरळ सेड (मजकूर शोधून बदलणारी कमांड) मारू का?

रात्रपाळी:
सेड नका मारू. टॉमकॅटच्या मूळ फाइलीत ८०८० पोर्टचा कनेक्टर दोनदा येतो, एक चालू आणि एक कॉमेंटमधला, थ्रेडपूलचा नमुना. सेड दोन्हीकडे हात घालणार. पार्सरला, म्हणजे एक्सएमएलची रचना समजून वाचणाऱ्या कोडला, कॉमेंट कुठे संपते ते कळतं.

'नन'चं कारण नेमस्पेस, म्हणजे टॅगच्या नावाला जोडलेला पत्ता. 'सर्व्हर डॉट एक्सएमएल'ला ती नाही, 'वेब डॉट एक्सएमएल'ला आहे, म्हणून तिथे नुसत्या टॅगच्या नावाने शोधून काही हाती लागत नाही. पायथन ३.८ पासून नावाआधी महिरपी कंसात तारा टाकून शोधता येतं, म्हणजे नेमस्पेस कुठलीही असो. मी तेच सुचवेन, कारण टॉमकॅट १० मध्ये जावाईई जाऊन जकार्ताईईची नेमस्पेस आली. नेमस्पेसचा पूर्ण पत्ता लिहून ठेवलेली स्क्रिप्ट अपग्रेडच्या रात्री बंद पडते. 'एनएस०' नको असेल तर लिहिण्याआधी 'रजिस्टर_नेमस्पेस'ला रिकामा प्रीफिक्स द्या.

कॉमेंटचं मात्र मनावर घ्या. 'हा पोर्ट फायरवॉलमुळे ठेवलाय, हलवू नका' असं कुणीतरी लिहून गेलेलं असतं आणि ते दुसरीकडे कुठेच नसतं. एलिमेंटट्रीच्या ट्रीबिल्डरला 'इन्सर्ट_कॉमेंट्स' चालू करून दिलं तर मुळाच्या टॅगच्या आतल्या कॉमेंट राहतात. बाहेरच्या, म्हणजे अगदी वरची अपाचे लायसन्सची, तरीही जातात. त्यासाठी एलएक्सएमएल ही दुसरी लायब्ररी घ्या, आणि नुसता रूट (मुळाचा टॅग) न लिहिता पूर्ण ट्री लिहा.

नवा_गडी:
एलएक्सएमएलने कॉमेंट राहिल्या, धन्यवाद! पण डिफमध्ये (जुन्या-नव्या फाइलीतला फरक) तीन ओळींत मांडलेला कनेक्टर एका ओळीत आलाय. ते कसं टाळायचं?

रात्रपाळी:
ते टळत नाही. दोन ॲट्रिब्यूटच्या मधल्या मोकळ्या जागा पार्सर लक्षातच ठेवत नाही. एकदा सगळ्या फायली काही न बदलता त्याच स्क्रिप्टमधून काढा आणि तो कमिट वेगळा ठेवा. पुढच्या डिफमध्ये फक्त खरे बदल दिसतील. आणि लिहिताना थेट मूळ फाइलीवर नको: त्याच फोल्डरात तात्पुरती फाइल लिहा, ती परत पार्स करून बघा, ओनर आणि परवानग्या मूळ फाइलीसारख्या करा, मगच 'ओएस डॉट रिप्लेस'ने ती मूळ फाइलीच्या जागी ठेवा.

घाटमाथा:
पोर्टसाठी स्क्रिप्ट लागतच नाही. 'सर्व्हर डॉट एक्सएमएल'मध्ये पोर्टच्या जागी डॉलर आणि महिरपी कंसात प्रॉपर्टीचं नाव लिहा, किंमत 'कॅटॅलिना डॉट प्रॉपर्टीज'मध्ये. एक्सएमएल सगळीकडे सारखंच राहतं.

रात्रपाळी:
हे माझ्या उत्तरापेक्षा चांगलं, पोर्टसाठी हेच करा. शटडाउनचा ८००५ पोर्ट सुद्धा असाच प्रॉपर्टीत काढलात तर त्याची किंमत 'कॅटॅलिना_ऑप्ट्स'मध्ये (टॉमकॅट सुरू करतानाचे जावाचे ऑप्शन) ठेवू नका. थांबवायची कमांडही तीच एक्सएमएल वाचते, पण ते ऑप्शन तिला मिळत नाहीत, आणि मग टॉमकॅट सुरू होतो पण थांबत नाही.