सरकार बदलावे की निवडणुकीचे नियम?

प्रश्न: राजकीय सुधारणांची मागणी तीव्र झाली की बहुतेकदा केवळ सत्ताधारी पक्ष बदलतो आणि निवडणुकीचे नियम तसेच राहतात. लोकांच्या रेट्याने नियमच बदलल्याचे एखादे उदाहरण आहे का?

प्रतिसाद १: न्यूझीलंड. तेथे १९७८ आणि १९८१ साली लेबर पक्षाला अधिक मते मिळूनही बहुमत नॅशनल पक्षाकडे गेले. पुढे १९८६ साली शाही आयोगाने मिश्र प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतदारसंघातील थेट निवडीबरोबरच पक्षाला एकूण मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीची, शिफारस केली. दोन्ही मोठ्या पक्षांतील अनेक नेत्यांचा विरोध असूनही १९९३ च्या सार्वमतात मतदारांनी ती पद्धत स्वीकारली आणि १९९६ पासून निवडणुका तिच्यानुसार होतात. मला हे अतिशय आशादायक वाटते.

प्रतिसाद २: मात्र अशा पद्धतीत बहुधा आघाडी सरकारे येतात, आणि ती वारंवार कोसळू लागली तर सुधारणांसाठी झटणारेच आधी निराश होतात.

प्रतिसाद ३: त्यासाठी जर्मनीची तरतूद अभ्यासावी. अविश्वास ठराव आणणाऱ्यांना पर्यायी चान्सेलरही (सरकारचा प्रमुख) त्याच मतदानात निवडून द्यावा लागतो. १९८२ साली श्मिट यांच्या जागी कोल याच मार्गाने आले.