मदत हवी आहे: बोटाच्या ठशापेक्षा कागदच जास्त चमकतोय

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी, बोटांचे ठसे उठवायला, सॅलिसिलाल्डिहाइड आणि हायड्राझिनपासून अझिन हे चमकणारं संयुग बनवलंय. द्रावणात जेमतेम चमकतं, पण घन अवस्थेत ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली पिवळंधमक झळाळतं. २००१ मध्ये हाँगकाँगला बेन झोंग तांग यांच्या गटाने दाखवलेला परिणाम तो हाच: रेणू एकमेकांना चिकटले की त्यांची हालचाल अडते आणि ऊर्जा उष्णतेऐवजी प्रकाश होऊन बाहेर पडते.

ब्रशने पावडर फिरवली की काचेवर ठसा सुरेख उठतो, रेघ कुठे दुभंगते तेही स्पष्ट दिसतं. घोडं अडलंय ते छापील कागद आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनांवर. कागदातलं ब्राइटनर (कागद शुभ्र दिसावा म्हणून घातलेलं रसायन) निळं चमकतं, आणि वेष्टनावर पावडर रेघांमधल्या खाचांतही जाऊन बसते. कागदावरच्या ठशांसाठी इंडेनडायोन हे दुसरं रसायन वापरतात हे माहीत आहे, पण मला हाच रेणू पारखायचाय.

निळा प्रकाश अडवायला कॅमेऱ्यापुढे ५०० नॅनोमीटरचा लाँगपास फिल्टर (त्याहून जास्त तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणारा) पुरेल का? पावडर टाल्क किंवा सिलिकात मिसळून कुणी वापरली आहे का, आणि कण किती बारीक ठेवले? फॉरेन्सिक लॅबमध्ये काम केलेल्यांनी कृपया सांगा. फोटो हवे असतील तर टाकते.