पिकअपचं स्टेअरिंग हायवेला थरथरायलंय, बॅलन्सिंग करूनही तसंच. मदत हवी आहे

करवीर_पिकअप
मंडळी, अर्जंट आहे. आमच्या पिकअपचं स्टेअरिंग हायवेला लई थरथरायलंय. गावात काही नाही, हायवेला लागलं की सुरू. अलाइनमेंट झालं, बॅलन्सिंग झालं, मशीनवर शून्य दाखवलं, पैसे दिले, बाहेर पडलो तर परत तेच. आता गॅरेजवाला म्हणतोय स्टेअरिंग बॉक्स बदला. खर्च मोठा आहे. गुळाचा सीझन सुरू आहे, गाडी उभी ठेवून चालत नाही. रात्री धाकटा भाऊ माल घेऊन पुण्याला जातो, तो परत येईपर्यंत झोप लागत नाही. बॉक्स बदलू का नको, एवढंच सांगा.

शिरोली_फिटर
बॉक्स बदलायची घाई करू नका. आधी हे सांगा. किती स्पीडला सुरू होतं? भरलेल्या गाडीला जास्त का रिकाम्या? ब्रेक मारल्यावर वाढतं का? टायर किती जुने? नुसतं स्टेअरिंग हलतं का सीटखालीही जाणवतं? यातलं एकही तुम्ही लिहिलेलं नाही.

नायट्रोजन_भरा
चारी टायरमध्ये नायट्रोजन भरून घ्या. मी भरल्यापासून गाडी एकदम स्मूथ झाली. साधी हवा गरम होऊन फुगते, त्यानं थरथर येते.

शिरोली_फिटर
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. हवेचा दाब बरोबर असला की झालं, थरथर त्यानं जाणार नाही. त्यांना खर्चात पाडू नका.

करवीर_पिकअप
टायर चांगले आहेत. हायवेला होतं म्हणून सांगितलं की. बॉक्सचं बोला.

साताऱ्याचा_ड्रायव्हर
दादा, क्रॉस गेलाय. जॉइंट शाफ्टचा क्रॉस, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा. माझ्या गाडीला अगदी असंच होतं. सगळे टायर-टायर करत बसले आणि शेवटी क्रॉस आणि सेंटर बेअरिंग बदललं तेव्हा गाडी शांत झाली. आधी शाफ्ट खोला, बाकी नंतर.

उद्यमनगरकर
साताऱ्याचे दादा, तुमचा अनुभव खरा असेल, पण तुमची थरथर हाताला होती का बुडाला? शाफ्टची थरथर फ्लोअरला आणि सीटला येते, आणि ती बारीक, घुर्रर्र अशी असते. चाकाची थरथर जड आणि सावकाश असते. याचा हिशोब करून बघता येतो. १५ इंची पिकअपच्या टायरचा घेर साधारण २.१८ मीटर धरा. ७५ च्या स्पीडला चाक सेकंदाला साडेनऊ फेरे मारतं. मागच्या क्राउनचं, म्हणजे शाफ्ट आणि चाकाच्या फेऱ्यांचं, गुणोत्तर समजा ४ आहे, तर शाफ्ट तेवढ्याच वेळात ३८ फेरे मारतो. स्टेअरिंगवर हात सैल ठेवून बघा. धक्के मोजता येतील इतके सावकाश वाटले तर चाक. मोजताच येत नसतील, मधमाशीसारखं नुसतं गुणगुणत असेल, तर शाफ्ट.

साताऱ्याचा_ड्रायव्हर
माझ्या गाडीला स्टेअरिंगपण हलत होतं. पुस्तकातला हिशोब रस्त्यावर चालत नाही.

उद्यमनगरकर
पुस्तक नाही दादा, लेथवर काम करून शिकलोय. शाफ्ट फार आउट असला, म्हणजे वाकडा फिरत असला, तर केबिनसकट सगळंच हलतं, स्टेअरिंगही हलणारच. म्हणून तर मूळ प्रश्न राहतोय, जास्त कुठं हलतं. करवीर, स्पीड सांगा.

करवीर_पिकअप
६५ पासून सुरू होतं, ७५ ला लई. ८० च्या वर सांगता येत नाही, गाडीला ८० चा गव्हर्नर आहे. हाताला जास्त, सीटला थोडं. रिकाम्या गाडीला जास्त वाटतं. ब्रेक मारताना वाढतं थोडं. टायर मागच्या पावसाळ्याच्या आधीचे. मागं स्प्रिंगचा एक पाटा वाढवलाय.

साताऱ्याचा_ड्रायव्हर
बघा! पाटा वाढवलाय. मागची बाजू उचलली की शाफ्टचा कोन बदलतो आणि रिकाम्या गाडीला तो कोन अजून वाढतो. मी पहिल्यापासून सांगतोय.

शिरोली_फिटर
हा मुद्दा मात्र बरोबर आहे, तो बाजूला टाकू नका. पण पाटा कधी वाढवला आणि थरथर कधी सुरू झाली, हे कळायला पाहिजे.

कागल_रोड
या रस्त्यावर दुसरं काय होणार? सहापदरीकरणाचं काम चाललंय, कुठं डायव्हर्जन येईल सांगता येत नाही. रात्री बोर्ड दिसत नाहीत, अचानक डांबर संपतं आणि खाली खडी. टोल मात्र भरायचा. आमच्या गाडीचे दोन बुश याच रस्त्यावर गेले. यावर कुणीतरी आवाज उठवायला पाहिजे.

पेठनाका_सांगली
कागल रोड, अगदी बरोबर बोललात. सर्व्हिस रोडची अवस्था तर बघवत नाही. आमच्याकडं पेठ-सांगली रस्त्यानंही वर्षानुवर्षं असंच छळलं.

शिरोली_फिटर
रस्त्याचा राग सगळ्यांनाच आहे, पण त्यावरून एक आठवलं. करवीर, मध्ये कुठं गाडी खड्ड्यात आदळली होती का? पंक्चर, स्टेपनी, काही?

गाडीप्रेमी_पुणे
पॉवर स्टेअरिंगचं ऑइल कधी बदललं होतं? बरेच जण विसरतात. ऑइल काळं झालं असेल तर बदलून घ्या, पंपाचं आयुष्य वाढतं. आणि डिझेल फिल्टरही बघून घ्या, ॲव्हरेज वाढेल.

करवीर_पिकअप
ॲव्हरेजचा काही प्रश्न नाही ओ. पाटा गेल्या वर्षी वाढवला, तेव्हा काही नव्हतं. कराडच्या अलीकडं डायव्हर्जनला डावं पुढचं चाक जोरात आपटलं होतं, पंक्चर झालं, भावानं रात्री स्टेपनी लावली. पंक्चर काढून तेच चाक परत पुढं लावलंय. थरथर त्यानंतरच सुरू झाली. पण बॅलन्सिंगवाल्यानं त्याच चाकाला शून्य दाखवलं, मी समोर उभा होतो. मग चाक खराब कसं असेल?

उद्यमनगरकर
इथंच सगळी मेख आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बॅलन्सिंगचं मशीन फक्त वजन बघतं. चाकाच्या एका बाजूला ३० ग्रॅम जास्त असतील तर ७५ च्या स्पीडला रिमच्या कडेशी साधारण दोन किलोचा हिसका बसतो, आणि चाक फिरतं तसा तो सेकंदाला साडेनऊ वेळा दिशा बदलतो. स्पीडच्या वर्गानं हा हिसका वाढतो, म्हणून ४० ला तो अर्धा-पाऊण किलोच असतो आणि गावात तुम्हाला कळत नाही. शिसं लावून मशीन हा फरक भरून काढतं. पण रिम वाकलेला असला तरी मशीन शिसं लावून शून्य दाखवणारच. लंबगोल भाकरीसुद्धा बोटावर तोलता येते, म्हणून काही ती गोल होत नाही. शून्य आलं म्हणजे वजन जुळलं, चाक गोल आहे असं नाही. रस्त्याला लागल्यावर ते चाक प्रत्येक फेऱ्याला टाय रॉडला, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याला, धक्का देणार, आणि तो धक्का थेट तुमच्या हातात येणार.

दुसरं, पंक्चर काढताना हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, तोंडावर माती किंवा गंज राहिला तर चाक सपाट बसत नाही. मशीनवर चाक मधल्या भोकातून कोनवर बसवतात, गाडीवर मात्र ते नटांवर बसतं. त्यामुळं मशीनवर सरळ फिरणारं चाक गाडीवर वाकडं फिरू शकतं.

एक पैसा खर्च न करता करायची परीक्षा सांगतो. डावं पुढचं चाक डाव्या मागच्या जागी लावा आणि मागचं पुढं आणा. तुमच्या गाडीला मागं जोडचाक नाही, माप एकच, त्यामुळं अडचण नाही. मग त्याच रस्त्याला, त्याच स्पीडला चालवा. थरथर हातातून सीटखाली गेली तर चाक गुन्हेगार. हातातच राहिली तर हब, बेअरिंग, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट बघायचे. बॉक्स सगळ्यात शेवटी. बॉक्स ढिला असेल तर गाडी सरळ रेषेत राहत नाही, पण थरथर मुळात तो तयार करत नाही.

अलाइनमेंट_आधी
मी सहमत नाही. आपटल्यावर टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल, बिघडतो. मशीनचा प्रिंटआउट मागा आणि परत अलाइनमेंट करून घ्या. माझ्या कारचं तसंच झालं होतं.

शिरोली_फिटर
टो बिघडला तर सरळ जाताना स्टेअरिंग वाकडं राहतं आणि टायर एका कडेनं झिजतो. ठराविक स्पीडला सुरू होणारी थरथर त्यानं येत नाही. रिम बदलल्यावर अलाइनमेंट करायचीच आहे, पण वाकड्या चाकावर ती करून काय उपयोग?

अलाइनमेंट_आधी
माझा अनुभव मी सांगितला. ज्याचं त्यानं ठरवावं.

निपाणी_ट्रान्सपोर्ट
करवीर, चाक खोलणारच असाल तर टायरवरचा चार आकडी नंबर बघा. ३६१९ असेल तर टायर २०१९ च्या ३६ व्या आठवड्यातला. 'मागच्या पावसाळ्याच्या आधी घेतले' म्हणजे तेव्हाच बनले असं नाही. आणि आपटलेल्या टायरच्या आतले पट्टे सुटलेले असू शकतात. तळहात ठेवून पूर्ण गोलाई चाचपा, एखाद्या ठिकाणी उंचवटा किंवा फुगा लागला तर तो टायर भरलेल्या गाडीला अजिबात लावू नका. रात्रीच्या वेळी पुढचा टायर फुटला तर काय होतं ते आमच्या लाइनीतल्या माणसांनी बघितलंय. भाऊ चालवतोय म्हणालात म्हणून कळकळीनं सांगतोय.

करवीर_पिकअप
चाकं बदलून कागलपर्यंत जाऊन आलो. हाताची थरथर जवळजवळ गेली, पण आता सीटखाली आणि मागं हौद्यात धडधड येतीय. म्हणजे चाकच ना? आता गॅरेजवाला म्हणतोय रिम ठोकून सरळ करून देतो.

उद्यमनगरकर
चाकच. तरी नक्की करा. ते चाक जॅकवर उचला, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक सोडलेला, बाकी चाकांना दगडाची ओट लावा. रिमच्या कडेजवळ खडू किंवा लाकडाची काडी पक्की धरा आणि चाक हळू फिरवा. आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कडा बघा, मार बहुतेक आतल्या कडेला बसतो आणि बाहेरून दिसत नाही. रिम दीड मिलिमीटरच्या वर आउट असेल तर बदला. मग टायरच्या पृष्ठभागाजवळ काडी धरून परत फिरवा.

ठोकून घेण्याच्या मी विरोधात आहे. मोकळ्या गाडीला एखादा चालवून घेईल. तुम्ही गूळ भरून रात्रीचे जाता. ठोकलेल्या जागी पत्रा कमकुवत होतो आणि बारीक चीर पडली तरी रंगाखाली दिसत नाही.

कागल_रोड
रिम ठोकून मी वर्षानुवर्षं वापरलेत, काही झालं नाही. उगाच घाबरवू नका.

निपाणी_ट्रान्सपोर्ट
झालं नाही हे चांगलंच. पण पुढच्या चाकाला नको, एवढं तरी ऐका.

करवीर_पिकअप
काडी लावून बघितलं. आतली कडा एका जागी चांगली आत गेलीय, काडी आणि रिममध्ये बोट जाईल एवढी फट पडते. टायरला फुगा नाही, बाहेरून आणि आतून दोन्हीकडनं चाचपला. नवीन रिम आणला, हब वायर ब्रशनं घासून घेतलं, बॅलन्सिंग परत केलं. किणी टोल नाक्यापर्यंत रिकामी नेली. ७५ ला स्टेअरिंग शांत. भावानं चालवली, त्यालाही फरक कळला. सगळ्यांचे मनापासून आभार, बॉक्सचा खर्च वाचला. एकच राहिलंय, ७० वरून ब्रेक मारला की स्टेअरिंग अजून थोडं हलतं.

साताऱ्याचा_ड्रायव्हर
चांगलं झालं. पण वाढवलेल्या पाट्यामुळं शाफ्टचे क्रॉस लवकर जातात. पुढच्या ग्रीसिंगला शाफ्ट हातानं हलवून प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघून घ्या.

शिरोली_फिटर
नवीन रिमचे नट शंभर किलोमीटर चालल्यावर परत आवळा, समोरासमोरचे आलटून पालटून, गोल क्रमानं नाही. पंक्चरवाल्यानं पाइप लावून एकीकडून आवळले असतील तर ब्रेकची डिस्कसुद्धा ओढली जाते. तुमचं ब्रेकचं हलणं तिथून असू शकतं.

उद्यमनगरकर
फक्त ब्रेकलाच हलतंय म्हणजे पुढची ब्रेक डिस्क. चाक काढून डिस्क दोन नटांनी हबवर सपाट दाबून बसवा आणि डायल, म्हणजे बारीक वाकडेपणा मोजायचं घड्याळ, लावा. आउट साधारण ०.१ मिलिमीटरच्या आत पाहिजे. मायक्रोमीटरनं सात-आठ ठिकाणी जाडीही मोजा, जाडीतला फरक मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशाचा असला तरी पायाला आणि हाताला कळतो. फेस मारायच्या, म्हणजे डिस्क लेथवर घासून सपाट करायच्या, आधी डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचा. फेस मारून जाडी त्याच्या खाली जाणार असेल तर नवीन घ्या, आणि घेताना दोन्ही बाजूंची जोडीनंच घ्या. डायल कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडं मिळेल, डिस्क न खोलता गाडीवरच लावायला सांगा.