चर्चा धागा: रण न पाहिलेल्या कवीला सैनिकाचं मरण लिहिता येतं का?

पारंबी:
माझ्या मते नाही. पहिल्या महायुद्धातल्या दोन कविता शेजारी ठेवा. रूपर्ट ब्रूकच्या 'द सोल्जर' या सुनीतात चौदा ओळींत इंग्लंडचा उल्लेख सहा वेळा येतो, जखमेचा एकदाही नाही. मरणसुद्धा 'मी मेलोच तर' असं अटीतलं. विल्फ्रेड ओवेनच्या 'डल्से एट डेकोरम एस्ट'मध्ये ('देशासाठी मरणं गोड आणि शोभणारं' या लॅटिन वचनातले शब्द) विषारी वायू येतो, एकाला मुखवटा वेळेत चढवता येत नाही, आणि ओवेन त्याला आपल्या मुखवट्याच्या धुरकट काचेतून, हिरव्या उजेडात बुडताना पाहतो. पुढे गाडीत टाकलेला तो देह, फुप्फुसांतून उसळणारं रक्त. हे खंदकात राहिल्याशिवाय सुचत नाही.

शिलालेख:
ब्रूकचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. १९१४ च्या ऑक्टोबरात तो बेल्जियममधल्या अँटवर्पच्या मोहिमेत होता, आणि युद्धावरची सुनीतं त्याने त्यानंतर लिहिली. उलट अमेरिकन कवी रँडल जॅरेल विमानदलात होता, पण लढाईवर कधी गेला नाही. बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखालच्या गोल बुरुजात मेलेल्या गनरवर त्याने १९४५ मध्ये पाच ओळी लिहिल्या. मेलेला स्वतः बोलतो, आणि शेवटच्या ओळीत त्याला नळीने धुऊन बाहेर काढतात. यापेक्षा उघडं मरण ओवेनकडेही नाही.

ओवेनचं बळ रचनेत आहे. आधी 'आम्ही', थकलेली तुकडी. मग 'मी', डोळ्यांदेखत एक माणूस जाताना पाहणारा. शेवटी थेट 'तू', घरी बसून मुलांना शौर्याचे धडे देणारा. शेवटच्या बारा ओळी म्हणजे 'तू हे पाहिलं असतंस तर' असं एकच लांब वाक्य. वाचकाला मध्ये थांबायला जागाच ठेवलेली नाही.

रानवाट:
तुम्ही दोघे एकट्याच्या मरणावरच बोलताय. समूहाच्या मरणाची रीत वेगळी असते. इंग्रज कवी टेनिसनने क्रिमियन युद्धात बालाक्लाव्हा इथे ब्रिटिश घोडदळाने केलेल्या हल्ल्याची बातमी वाचून १८५४ मध्ये कविता लिहिली. सहाही कडवी 'सहाशे'वर संपतात, पण ध्रुवपद बदलत जातं. पहिल्या तीन कडव्यांत सहाशे दौडत जातात, चौथ्यात परततात पण 'सहाशे नव्हे', पाचव्यात सहाशेंतले उरलेले. प्रेत न दाखवता मरण मोजलं आहे.

कुसुमाग्रजांच्या 'वेडात मराठे वीर दौडले सात'मध्ये परतणारं कुणीच नाही. १६७४ ची नेसरीची लढाई. सात जण गर्दीत लोपतात, वार दिसत नाही. मग दगडावरच्या टाचा आणि ओढ्यातला रक्ताचा रंग. जवळपास तीनशे वर्षांनी लिहिणाऱ्या कवीने जखमा रंगवल्या असत्या तर त्या खोट्या वाटल्या असत्या. मागे राहिलेल्या खुणा मात्र त्याच्या हक्काच्या आहेत, आणि तेवढ्यावरच तो थांबला. मला ही संयमाची बाजू फार मोठी वाटते.

पारंबी:
त्या संयमात गुन्हेगार सुटतो, त्याचं काय? टेनिसन 'कुणीतरी चूक केली' एवढंच म्हणून थोर सहाशेंना मानवंदना देतो. सीगफ्रीड ससूनचा 'द जनरल' वाचा, १९१७, सात ओळी. सेनापती हसून नमस्कार करतो, दोन शिपाई त्याचं कौतुक करत फ्रान्समधल्या अरासच्या आघाडीकडे चालत जातात, आणि सुटी ठेवलेली शेवटची ओळ सांगते की त्याच्याच योजनेने दोघे मेले. ससून स्वतः त्या आघाडीवर जखमी झाला होता. मेलेल्यांच्या वतीने असा जाब विचारायचा अधिकार मी दुरून लिहिणाऱ्याला देणार नाही.

शिलालेख:
जाब विचारणं हे कवितेचं एक काम झालं, एकमेव नव्हे. होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्याच्या चौथ्या सर्गातला सिमोएसिओस हा ट्रॉयच्या बाजूचा तरुण बघा. ग्रीक योद्धा एजॅक्सचा भाला उजव्या स्तनाजवळ शिरून खांद्यातून बाहेर येतो, आणि पोरगा तोडलेल्या झाडासारखा कोसळतो. तो कुठल्या नदीकाठी जन्मला, आईबापांनी वाढवल्याचं ऋण फेडायचं कसं राहून गेलं, हे होमर तिथेच सांगतो. दोष कुणालाच नाही, तरी हा एक मुलगा गेल्याचं कळतं. ओवेनच्या गुदमरणाऱ्या शिपायाला नाव नाही, गाव नाही, आईबाप नाहीत. तो मरतो ते 'तू'ला उत्तर द्यायला. मग त्या माणसाच्या जास्त जवळ कोण गेलं?